टकटक आणि अर्धी गोळी

सोमवार, ४ मार्च

गेली! मुलांची खोली आज हातातून गेली. सध्यापुरती, असं आमच्या कानाच्या क्लिनिकचे सर म्हणाले. सरांचं 'सध्यापुरतं' मला चांगलं ठाऊक आहे. वेटिंगमधला पंखा सध्यापुरता काढला होता, तो अजून माळ्यावर आहे.

झालं असं. सकाळी दीड वर्षाची एक पोर कान तपासायला आली. आईच्या मांडीवर बसली. दोन बाजूंना दोन स्पीकर. मी समोर सतरंजीवर, हातात मऊ अस्वल, पोरीचं लक्ष गुंतवायला. काचेपलीकडे आमची मशीनवाली. तिने आवाज सोडला की माझ्या बाजूचा बारका दिवा लागतो. पोर आवाजाकडे वळली की पेटीतला ससा उजळतो आणि ढोल बडवायला लागतो. मुलांना वाटतं खेळ चाललाय. आम्हाला कळतं, ऐकू येतंय की नाही.

आवाज बारीक बारीक करत गेलो. पोर दर वेळी मान वळवायची. कान उत्तम! मशीनवालीने तसं लिहूनही टाकलं. मग सरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला बाहेर काढलं आणि स्वतः अस्वल घेऊन बसले. पोर ढिम्म! एकाही बारीक आवाजाला वळेना.

बारीक आवाज तिला ऐकूच येत नव्हते. माझ्या जिभेचा आवाज झाला की ती सशाकडे वळत होती. दिवा लागला की मला ताण येतो, आणि ताण आला की जीभ टाळूला लागणारच. टक!

"आज मी होतो म्हणून सापडलं," सर म्हणाले. "पुढच्या वेळी कोण पकडणार?" रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "तोवर मोठ्यांचे कान कर. काचेच्या बाहेरून."

बिचारी पोर. कमी ऐकू येत असून पास झाली असती माझ्यामुळे.

मंगळवार, ५ मार्च

दिवसभर मोठ्यांचे कान. कुणी हसलं नाही, कुणी ससा मागितला नाही.

शनिवार, ९ मार्च

शेवटी गेले मेंदूच्या डॉक्टरांकडे. बाई आहेत, माझ्याच वयाच्या. टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद.

त्यांना सगळं सांगितलं. सातव्या वर्षापासून आहे. आधी डोळे मिचकावणं होतं, ते गेलं. मग खांदा उडायचा, तोही गेला. जीभ राहिली. शाळेत मला 'पाल' म्हणायचे, कारण पालीसारखा आवाज! एका बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं होतं, बाहेर उभी राहून मी आणखी टकटकले.

"मुद्दाम करत नाही ना?" हे त्यांनी विचारलं नाही. आजवर प्रत्येकाने विचारलंय. त्यांनी विचारलं, "आवाज यायच्या आधी काय होतं?"

असं कुणी विचारलंच नव्हतं! मी सांगितलं की शिंक येण्याआधी नाकात जसं होतं ना, तसं जिभेच्या मुळाशी होतं. दाबून धरता येतं थोडा वेळ. पण मग ती दुप्पट होऊन येते. आणि पुष्कळदा झालेली मला कळतही नाही, लोकांच्या तोंडाकडे बघून कळते.

त्या म्हणाल्या, टिक्स म्हणतात याला. वेडबीड काही नाही. गोळी देते, रोज झोपताना अर्धी. मग म्हणाल्या, "डब्यातला कागद वाचाल तेव्हा घाबरू नका. ही गोळी मुळात दुसऱ्या आजाराची आहे. तुम्हाला तो आजार नाही."

घरी येऊन कागद वाचला. आणि घाबरले. 'नसलेले आवाज ऐकू येणे, नसलेल्या गोष्टी दिसणे, अवास्तव संशय'! पोटात गोळाच आला. गोळी घ्यायच्या आधीच.

कागद चुरगळून टोपलीत टाकला. आईच्या हाती लागायला नको.

रविवार, १० मार्च

लागला! आईने टोपलीतून काढून, इस्त्री केल्यासारखा सरळ करून, भिंग लावून वाचला.

"ही वेड्यांची गोळी आहे."

"माझ्यासाठी नाही. म्हणजे मी वेडी नाही. गोळी तीच, पण कारण वेगळं."

"मग वेगळ्या कारणाची वेगळी गोळी का नाही देत?"

हे मीच डॉक्टरांना विचारायला हवं होतं. आईने भिंग पुसलं, कागद घडी करून चष्म्याच्या घरात ठेवला आणि म्हणाली, "घे बाई. निदान ती टकटक तरी थांबेल. तीस वर्षं ऐकतेय."

तीस नव्हे, छत्तीस. पण तिला सूट दिली.

गुरुवार, १४ मार्च

झोप! सकाळी डोळ्यांवर झापड, चहाचा कप हातात धरून उभी आणि कप कशासाठी घेतला ते आठवेना. पण आज दुपारी एक गंमत झाली. काउंटरवाली पोरगी म्हणाली, "ताई, आज तुम्ही एकदम गप्प?" मी म्हटलं, बोलतेय की सारखी! ती म्हणाली, "तसं नाही हो... ते... नाही येत." आणि लाजली.

खरंच! शिंक येत नाहीये जिभेच्या मुळाशी.

मंगळवार, १९ मार्च

क्लिनिकमध्ये आवाज नाही. बसमध्ये नाही. केस कापायला गेले तिथे नाही, आणि तिथे तर कात्री कानाजवळ आली की हमखास यायची. हे कसं वाटतं ते नीट लिहायचंय. घरातला जुना फ्रीज अचानक बंद पडला की कळतं ना, अरे, हा इतका वेळ गुरगुरत होता? तसं. आनंद आहेच. पण मधूनच जीभ टाळूशी नेऊन बघते, मुद्दाम. काही होत नाही. जीभ आहे, टाळू आहे, बाकी काही नाही.

घरी मात्र थांबलेली नाही! जेवताना आई दोनदा म्हणाली, "पुरे झाली ती टकटक!" मला तर काही जाणवलं नाही. पण मला कधी जाणवते?

शुक्रवार, २९ मार्च

आज पुन्हा. मी भाजी चिरत होते, आई टीव्हीसमोर. "अगं, थांबव की आता!" टीव्ही एवढा मोठा होता की शेजारी बातम्या फुकट ऐकत असतील. त्यातूनही तिला माझी जीभ ऐकू आली.

कान आहेत बाकी तिचे! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला, डोक्यावर हेडफोन चढवून. अजून सांगते, "मी आवाजावरून ओळखायची, कुणाचा माणूस गेलाय आणि कुणाला मुलगा झालाय." सरांनी एकदा म्हटलं होतं, आईंना घेऊन या, या वयात तपासलेलं बरं. आई उसळलीच. "मला सगळं ऐकू येतं. हिची टकटकसुद्धा!" मलाही ते पटलं. जिला जिभेचा एवढासा आवाज दुसऱ्या खोलीतून येतो, तिचे कान कशाला तपासायचे?

शनिवार, ६ एप्रिल

मेंदूच्या बाईंना सांगितलं, बाहेर थांबलीय, घरी नाही. त्या म्हणाल्या, असं होतं. घरी माणूस सैल सोडतो स्वतःला. गोळी अर्धीची एक केली. "कुणी सांगितलं घरी थांबली नाही म्हणून?" त्यांनी विचारलं. म्हटलं, आईने. तिचे कान फार तिखट आहेत. त्यांनी लिहून घेतलं.

सरांना भेटून विचारलं, मुलांची खोली? ते म्हणाले, "पूर्ण थांबू दे. घरीसुद्धा. मग बघू."

म्हणजे आता सगळं आईच्या कानांवर आलं.

सोमवार, १५ एप्रिल

एक गोळी म्हणजे काय चीज आहे! पाय शांत बसत नाहीत. खुर्चीत बसले की उठावंसं वाटतं, उठले की बसावंसं. पेशंटच्या कानांच्या ग्राफवर रेघ ओढताना खुर्चीखाली माझे पाय चालतच असतात. भूक अशी की काल ब्रेडचं अख्खं पाकीट एकटीने. पाळी लांबलीय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला हसू येत नाही. मशीनवालीने सरांची नक्कल केली, हुबेहूब. सगळे लोळले. मला कळलं की हे हसण्यासारखं आहे. पण ते कळलं फक्त!

आईला सांगितलं नाही. पण तिने पाय पाहिले असावेत. रात्री म्हणाली, "तू झोपेत असतेस, विसरशील नाहीतर दोनदा घेशील. गोळ्या माझ्याकडे दे. मी देत जाईन."

लहानपणी तापातही "उठ, शाळेत जा" म्हणणारी आई! मला रडू आलं. बरं वाटलं की रडू तरी येतंय.

गुरुवार, २५ एप्रिल

आई रोज बशीत गोळी आणि पाण्याचा ग्लास आणून देते. देताना माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते, गिळेपर्यंत. नर्सच झालीय.

गोळ्या मात्र लवकर संपल्या. औषधवाला म्हणाला, "ताई, एवढ्यात आलात?" आईला विचारलं तर, "सिंकमध्ये पडल्या चार-दोन. हात थरथरतो हल्ली." वय होत चाललंय तिचं. दुपारी फोन केला तर उचलत नाही, घरी आले तर टीव्हीसमोर मान टाकून झोपलेली. चालतेही आताशा भिंतीला धरून, पावलं घासत. थंडीने म्हणते. थंडी कुठाय?

टकटक चालूच. म्हणजे आईच्या म्हणण्यानुसार. काल तर पार वैतागली. "एवढ्या गोळ्या खाऊन जर ही जात नसेल तर तुझी डॉक्टरीण काही कामाची नाही!" आवाजात एवढा राग की मीच चपापले. तिला एवढा त्रास होतो माझा? छत्तीस वर्षं होत होता?

आज ठरवलं. बाईंना सांगून दीड करून घ्यायची. मुलांची खोली परत हवी मला. तो मूर्ख ससासुद्धा हवा.

शनिवार, ४ मे

बाईंनी दीड दिली नाही. माझे पाय बघत बसल्या बराच वेळ. म्हणाल्या, "वाढवण्याआधी मला ऐकायचंय. घरी जेवताना फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा. आईंना सांगू नका, तुम्हीही विसरून जा."

म्हटलं, मी हल्ली सगळंच विसरते. त्या हसल्या. मी पण, थोडीशी!

रविवार, ५ मे

जेवताना फोन मिठाच्या बरणीमागे ठेवला. आई तीन वेळा ओरडली. चला, पुरावा झाला.

सोमवार, ६ मे

रेकॉर्डिंग क्लिनिकमध्ये ऐकलं, आमच्या चांगल्या हेडफोनवर. चमच्यांचा आवाज आहे. खुर्ची सरकते. आई कुणाच्या तरी लग्नाचं सांगते. मग एकदम, "पुरे झाली ती टकटक!"

मागे नेलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे.

ती ओरडते त्याच्या आधी काही नाही. काहीच नाही. तिन्ही वेळा. मी पाणी पितेय एकदा तर, म्हणजे जीभ कामात होती!

मशीनवालीला ऐकवलं. ती म्हणाली, "कसली टकटक? यात टकटक नाहीये, ताई."

मनात शंकेची पाल चुकचुकली. आणि या वेळी ती पाल मी नव्हते.

मंगळवार, ७ मे

आईला घेऊन आले क्लिनिकमध्ये. "माझे कान दाखवायचेत सगळ्यांना, पैज लागलीय," असं खोटं सांगून. मग काय, इस्त्रीची साडी नेसून, मान ताठ करून आली. हेडफोन लावताना मशीनवालीला म्हणाली, "मला शिकवू नकोस गं, माझं आयुष्य यात गेलंय." आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच. आत एकटी बसली. जाड दार लावलं. मी काचेबाहेर मशीनवर.

मोठा आवाज सोडला. दाबलं बटण. थोडा कमी केला, दाबलं. अजून कमी आणि जरा बारीक पट्टीतला सोडला. नाही. वाढवला. नाही. आणखी वाढवला. नाही.

आणि मग मी हात मशीनवरून काढून घेतला, काही सोडलं नाही, आणि आईने बटण दाबलं.

पुन्हा दाबलं. पुन्हा. माझे दोन्ही हात मांडीवर. आत चिडीचूप. आणि आई बटण दाबतेय, टक टक टक अशा लयीत, त्या दीड वर्षाच्या पोरीसारखी अगदी मन लावून. मग ती काचेतून माझ्याकडे बघून ओरडली. माइकमधून आवाज आला, "अगं, आता इथे तरी पुरे कर!"

माझं तोंड बंद होतं. ओठावर ओठ.

सरांनी ग्राफ बघितला. बारीक पट्टीच्या आवाजांची बाजू पार खाली गेलेली, दोन्ही कानांत. वर्षं झाली असतील, म्हणाले. ती ओठांवरून समजून घेते सगळं, म्हणून कळलं नाही. आणि कान असा रिकामा राहिला की मेंदू स्वतःच काहीतरी वाजवत बसतो. कुणाला शिट्टी, कुणाला घंटा. हिला टकटक. कानांचा धंदा करते मी! रोज लोकांना सांगते, घरच्यांकडे लक्ष द्या, टीव्ही मोठा करतात का बघा. आणि माझ्या घरात...

आईला टॅक्सीत समजावलं, तोंडासमोर तोंड नेऊन, सावकाश. ती टकटक माझी नाही, तुझ्या कानातली आहे. वेड नाही हं ते. कान म्हातारा झालाय, एवढंच. मशीन बसवलं की पुष्कळ कमी होईल.

मला वाटलं भांडेल. भांडली नाही. आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही! खिडकीबाहेर बघत राहिली. मग माझ्या ओठांकडे वळून म्हणाली, "वेड नाही, नक्की?"

"नक्की."

"गोळी नाही लागत त्याला?"

"नाही गं. गोळी नाही लागत."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली पुन्हा.

बाईंना फोन केला. माझी गोळी परत अर्धी. सर म्हणाले, सोमवारपासून मुलांच्या खोलीत ये. म्हणजे सगळं मिळालं! आनंद व्हायला हवा. होईल उद्या.

बुधवार, ८ मे

सकाळी आईने गोळ्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला. "आता तुझ्याजवळच असू दे." मग चष्म्याच्या घरातून तो कागद काढला, घडी मोडून मऊ पडलेला. 'नसलेले आवाज ऐकू येणे' याखाली पेन्सिलची रेघ.

"तू कामावर गेलीस तरी यायची ती दुपारभर," ती म्हणाली. "एकटी असायचे घरात. तुझी नाही हे मला कधीचंच ठाऊक होतं. मग हा कागद वाचला. तुझ्यापेक्षा मलाच लागू पडत होता. तुला एक दिली की मागून मी एक घ्यायचे. गेली नाही गं ती! मग संध्याकाळी तू आलीस की तुझ्यावर ओरडायचे. तुझी आहे म्हटलं की भीती कमी व्हायची."

भिंतीला धरून चालणं. टीव्हीसमोर टाकलेली मान. सिंकमध्ये पडलेल्या गोळ्या.

बाईंना फोन लावला. रिंग वाजत असतानाच जिभेच्या मुळाशी ती जुनी शिंक आली. दाबली नाही. टक! चांगली मोठी, दोनदा.

आई समोरच बसली होती, माझ्याकडे बघत. तिला ऐकू आली नाही.